उगवतीकडे पाठ

"सलोमी, दार उघड. म्या आत येत न्हाई, हितं उंबऱ्यावरच बसतो."

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, दुसऱ्या दिवशीचा शनिवार, टळटळीत दुपार. आवाज एलीयाबाबांचा आहे हे मी ओळखलं आणि तरी जागची हलले नाही. रिबकाचे केस विंचरत बसले होते. सहा वर्षांची पोर, सारखी दाराकडे मान वळवायची आणि मी ती धरून सरळ करायची.

"आई, एलीयाबाबा आलेत."

"येऊ देत. ऊन लागलं की जातील."

मी तोंडाची फटकळ. आजही आहे, माझ्या जावयाला विचारा. पण त्या दिवसांत मी फटकळ नव्हते, नुसती कडू होते. पाळकीणबाई, आमच्या धर्मगुरूंची बायको, समाचाराला आल्या आणि म्हणाल्या, "देवाला त्याच्या बागेत फूल हवं होतं." मी म्हटलं, "मग तुमच्या घरातलं का नाही तोडलं?" त्या बिचाऱ्या रडत गेल्या आणि परत आल्या नाहीत. हळूहळू कोणीच येईना. मला तेच हवं होतं.

माझी थोरली, लिदिया, आठ वर्षांची असताना मेंदूज्वरानं गेली. सोमवारी शाळेत गेली आणि गुरुवारी तिला माती दिली. या गोष्टीला त्या शनिवारी तीन वर्षं व्हायला आली होती.

सोनखडीच्या टेकाडावर मिशनची जुनी चाळ आहे, तिच्यातलं शेवटचं घर आमचं. दारासमोर उतार, खाली ओढा, ओढ्यापलीकडे शाळा, आणि शाळेच्या मागे कडुलिंबाखाली आमच्या ख्रिस्ती लोकांचं कबरस्तान. घराला त्या बाजूला एकच खिडकी. माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी मी स्वतःच्या हातानं तिला खिळे ठोकले. त्यानंतर ओढा ओलांडला नाही, देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पाऊल टाकलं नाही. देव नाही असं मला कधी वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? पण प्रार्थनेला बसलं की एकच गोष्ट डोळ्यांपुढे यायची आणि मी आमेनच्या आधीच उठायचे. ती गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. नवऱ्यालासुद्धा नाही.

आणि रिबका. तिला मी दाराबाहेर सोडत नव्हते. अंगणात गेली तरी माझा जीव टांगणीला. मागल्या जूनमध्येच तिला शाळेत घालायची होती, मी घातली नाही. आमचे हे, शांतवन, त्याच शाळेत मास्तर. सबंध गावाची पोरं शिकवायचे आणि स्वतःची पोर घरात कोंडलेली. भला माणूस, कधी आवाज चढवला नाही. पण आदल्या दिवशी तीन तासांच्या उपासनेहून आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "सलोमी, मी नगरला ताईला पत्र टाकलंय. या जूनला रिबका शाळेत गेली नाही, तर तिला तिकडे नेऊन ठेवणार."

"माझी पोर?"

"आपली पोर. एक मातीत गेली. दुसरी या चार भिंतींत जाऊ देणार नाही."

"न्या," मी म्हटलं. "मलाही न्या आणि पुरून या."

ते जेवले नाहीत. मीही नाही. पण मला कळलं होतं, हा माणूस बोलला तसं करणार. रिबका जाणार. आणि तिला सोडणं माझ्या हातून होणार नव्हतं, धरून ठेवणंही होणार नव्हतं.

अशी दशा होती, आणि दारात एलीयाबाबा खोकत बसले होते. खोकला असा की ऐकणाऱ्याच्या छातीत दुखावं. रिबका माझ्या हातातून निसटली, माठातलं पाणी घेतलं आणि कडी काढून मोकळी.

"घ्या बाबा."

"प्रभू तुझं भलं करो, माय."

उठणं भाग पडलं. एलीयाबाबा उंबऱ्याबाहेर पाय सोडून बसले होते. एका बाजूला चुन्याची बादली, दुसऱ्या बाजूला कुदळ आणि खोरं. ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्यात सगळे आपापल्या माणसांच्या कबरी साफ करतात, चुना लावतात, कारण दुसऱ्या दिवशी सूर्योदयाची उपासना तिथंच होते. लिदूच्या कबरीला तीन वर्षं चुना कोण लावत होतं हे मला ठाऊक होतं. चाळीस वर्षं गावातली प्रत्येक कबर याच माणसानं खणली होती. पण चुना लावायला कुदळ कशाला?

"सलाम, बाबा," मी म्हटलं. "काय काम काढलंत?"

"पोरीला आत पाठव."

रिबका आत गेली. बाबा पाणी प्यायले, त्यांनी तांब्या खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला.

"डागदर म्हनला, छातीत पानी झालंय. पावसाळा निघंल का न्हाई सांगवत न्हाई."

"मग घरी पडून राहायचं. उन्हातून कशाला आलात?"

"सलोमी, म्या तीन वर्सं प्रभुभोजन घेतलं न्हाई."

हे गावाला ठाऊक होतं. द्राक्षरसाचा प्याला समोर आला की बाबा मान खाली घालून पुढे सरकवतात, म्हातारा परत दारूला लागला असणार, असं लोक बोलायचे. मीही ऐकून सोडून दिलं होतं. मला कुठं कोणाचं पडलं होतं!

"मीही नाही घेतलं," मी म्हटलं. "त्याचं काय?"

"तुझं दुख हाये. माझं पाप हाये." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "तुला ठावं हाये ना, आपल्यात माती कशी देत्यात? डोकं मावळतीला, पाय उगवतीला. म्हंजी शेवटचा कर्णा वाजला की समदे उठून बसतील आन् तोंड उगवतीला असंल. प्रभू तिकडून येनार."

"ठाऊक आहे."

"मोठ्या मानसाची पेटी खांद्यापाशी रुंद असती, चूक व्हत न्हाई. लेकराची पेटी दोन्हीकून सारखी. म्हून सुतार डोक्याच्या बाजूला चार खिळे मारतो, पायाच्या बाजूला दोन. त्या दिशी पाऊस काय पडत व्हता, तुला याद असंल."

मला आठवत होतं. पाऊस, चिखल आणि कोणीतरी दोन्ही दंड धरून मागे ओढत असलेली मी.

"लेकराची पेटी दोरीनं सोडत न्हाईत. म्या खड्ड्यात उभा व्हतो. वरून पेटी दिली, म्या हातावं घेतली, खाली ठिवली. आन् ठिवताना माझा अंगठा खिळ्यांवरून फिरला. एक, दोन, तीन, चार." त्यांनी अंगठा माझ्यापुढे धरला. "चार खिळे उगवतीला व्हते, सलोमी. डोकं उगवतीला गेलं व्हतं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मग फिरवली का नाही?"

"फिरवायची म्हंजी पेटी परत वर द्यायची. तू वर वरडत व्हतीस. तसला आवाज म्या चाळीस वर्सांत ऐकला न्हाई. माझी जीभच उचलंना. वाटलं, आता पेटी वर निघाली तर ही बाई खड्ड्यात उडी मारंल. म्या वर आलो. पाळकसाहेबांनी मूठभर माती टाकली. झालं."

"झालं?" मी ओरडले. "झालं म्हणता? तीन वर्षं माझी पोर पाठमोरी झोपवलीत आणि वर चुना लावत बसलात?"

"व्हय."

"सगळं गाव उठेल, उजेडाकडे बघेल, आणि माझं लेकरू एकटं पाठ करून बसेल?"

"तेच म्या रोज बघतो," बाबा म्हणाले. "डोळं मिटलं की तेच. समदे एकीकडं आन् एक लेकरू दुसरीकडं. ते इच्यारतंय, बाबा, मला असं का ठिवलं? म्हून आलो. तू हो म्हन. आज तिकडं कोनी न्हाई, समदे चुना लावून गेले. म्या खनतो, पेटी फिरवतो, उद्याच्या उपासनेच्या आत. मग मेलो तरी चालंल."

आज विचार केला की अंगावर काटा येतो. पुरलेली पेटी कोणाच्या परवानगीशिवाय उकरायची म्हणजे काय! पाळकांना कळलं असतं, पोलीस आले असते. पण त्या वेळी माझ्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. मी कुदळ उचलली.

"उठा," मी म्हटलं. "चला."

रिबकाला हाताला धरून शेजारच्या सोफियाबाईंच्या दारात नेली, "हिला बघा," एवढंच म्हटलं आणि निघाले. सोफियाबाई तोंडाचा आ करून बघत राहिल्या. आपण पोरीला आपल्या हातानं घराबाहेर सोडून आलो, हे मला ओढ्यापाशीसुद्धा उमगलं नाही. ओढा कधी ओलांडला तेही कळलं नाही. अनवाणी होते, दगड पोळत होते, आणि मागून बाबा खोकत, थांबत, बादली सावरत, खोरं ओढत येत होते.

कबरस्तानात सगळीकडे ओला चुना. कबरी उन्हात अशा पांढऱ्या की डोळे मिटावेत. लिदूची कडुलिंबाच्या बुंध्याशी. मी ती पहिल्यांदा बघत होते. किती लहान! मातीचा उंचवटा, कडेनं दगड, दगडांना चुना, आणि एका टोकाला लाकडी क्रूस. त्यावर आमच्या ह्यांच्या अक्षरात तिचं नाव. ह्यांनी ते कधी लिहिलं, कधी लावलं, मी विचारलंसुद्धा नव्हतं.

बाबांनी माझ्या हातून कुदळ घेतली, टोपी काढली, ओठातल्या ओठात काही पुटपुटले आणि घाव घातला. एक, दोन. तिसऱ्याला कुदळ हातातून सुटली आणि ते मटकन खाली बसले. श्वास पुरेना. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"सरका," मी म्हटलं.

"तू नको, पोरी. आईनं खनू नये."

"मग कोण खणणार? तुम्ही मेलात तर तुमचीही मलाच खणावी लागेल."

मी कुदळ उगारली आणि घातली. उन्हाळ्यातली माती, घाव वरच्यावर उडाला आणि हातांना झिणझिण्या आल्या. दुसरा घाव घालण्याआधी मी विचारलं, "डोकं नक्की कुठं आहे?"

"हितं. या बुंध्याच्या अंगाला."

"आणि पाय?"

"तिकडं. क्रुसाकडं, मावळतीला. गावाकडं."

मी वळून बघितलं. का बघितलं सांगता येत नाही, त्यांनी हात केला म्हणून बघितलं असेल. क्रुसापलीकडे शाळेचा कौलारू कोपरा, मग ओढ्याची मोकळी जागा, मग उतार, आणि अगदी समोर, टेकाडावर, चाळीतलं शेवटचं घर. भिंत पांढरी आणि मधे एक काळपट चौकोन. माझी खिडकी.

मी कुदळ टाकली. बुंध्यापाशी, जिथं तिचं डोकं आहे असं बाबा म्हणत होते, तिथं जमिनीवर बसले आणि तिच्या जागेवरून बघितलं. दुसरं काहीच दिसत नव्हतं, खिडकीच दिसत होती.

"काय झालं?" बाबांनी घाबरून विचारलं. "सलोमी, काय झालं गं?"

आणि मग मी ते सांगितलं. तीन वर्षं कोंडून ठेवलेलं, एका कबर खणणाऱ्या म्हाताऱ्याला, भर उन्हात.

"लिदू शाळेत जाताना ओढ्यापाशी थांबायची, बाबा. वळायची आणि खिडकीकडे बघून हात करायची. मी खिडकीत हवी. हातात उलथनं असो, केरसुणी असो, मी ते हलवायचं. हलवल्याशिवाय बया ओढा ओलांडायची नाही. रोज. त्या सोमवारी उठली ती डोकं दुखतंय म्हणत. मी म्हटलं, नाटकं करू नकोस, आज गणिताची परीक्षा आहे म्हणून तुझं डोकं दुखतंय. पाठीत धपाटा घातला आणि काढली घराबाहेर. रागात होते. खिडकीत गेले नाही."

बाबा जवळ सरकून बसले.

"ती वळली असणार. तिथं उभी राहिली असणार. किती वेळ उभी राहिली असेल, बाबा? शाळेत उशिरा पोचली म्हणून छडी बसली असं नंतर कळलं. बापाच्याच शाळेत! दुपारी तापानं फणफणून आली ती परत बोलली नाही." मी गुडघ्यात डोकं घातलं. "शेवटचं तिनं माझ्याकडे वळून बघितलं आणि खिडकीत कोणी नव्हतं. देवापुढे कोणत्या तोंडानं बसू?"

किती रडले माहीत नाही. रडताना मधेच बाबांचा हुंदका ऐकू आला. वर बघितलं तर तो ऐंशीच्या घरातला माणूस पोरासारखा रडत होता.

"आन् म्या तिला त्याच बंद खिडकीकडं तोंड करून निजवली," ते म्हणाले. "दोघांनी मिळून लेकराचं वाटोळं केलं. उठंल तवा उजेडसुदिक दिसायचा न्हाई तिला."

मला त्यांचा राग आला. खरंच राग आला, आणि त्या रागात मी बोलून गेले, "असं कसं म्हणता बाबा? जो मेलेल्यांना मातीतून उठवणार, त्याला एक पोर फिरवून उभी करता येणार नाही?"

हे मी बोलले आणि मग मलाच ते ऐकू आलं.

लहानपणापासून पुनरुत्थान, पुनरुत्थान ऐकत आलेली मी. रविवारच्या शब्बाथशाळेत पाठांतराचं बक्षीस घेतलेली. लोकांनी सुरुवातीला दाराशी येऊन तेच सांगितलं होतं आणि प्रत्येकाला मी हाकलून दिलं होतं. आता म्हातारा धीर सोडायला लागला तर तेच माझ्या तोंडून बाहेर आलं, आणि बाहेर आलं तेव्हा मला पटलेलं होतं. ती उठेल. माझी लिदू उठेल. उठेल तेव्हा सवयीप्रमाणे आधी वळून बघेल, आणि या वेळी तिला वळावंसुद्धा लागणार नाही. देवानं तिला माझ्याकडे तोंड करून ठेवली होती. खिळे ठोकून बसले होते ती मी.

"मग?" बाबांनी डोळे पुसत विचारलं. "खनायचं का न्हाई?"

"नाही."

"माझी चूक?"

"चूक तुमचीच. माझी माझीच. पण तिला आता हलवायची नाही. उठेल तेव्हा आधी आईला बघू दे. मग सूर्य बघेल."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग आम्ही घाव घातले होते तिथली माती सारखी केली आणि वर चुन्याचा एक हात मारला. पुढच्या दगडाला मी लावला.

घरी परतले तेव्हा हे दारातच उभे होते, रिबकाला कडेवर घेऊन. सोफियाबाईंनी काय काय सांगितलं असेल देव जाणे, यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझे पाय, चुन्यानं भरलेले हात, सगळं बघितलं त्यांनी.

"कुठं गेली होतीस?"

"पक्कड कुठं आहे?" मी म्हटलं.

खिळे गंजले होते. दोन निघाले, तिसरा मोडला. मग त्यांनी माझ्या हातून पक्कड घेतली आणि उरलेले स्वतः काढले. रात्री मी सगळं सांगितलं तेव्हा म्हणाले, "ती छडी मीच मारली होती, सलोमी." तीन वर्षं एका घरात राहून एकमेकांपासून हे लपवत होतो आम्ही.

दुसऱ्या दिवशी पहाटे कबरस्तानात मेणबत्त्या घेऊन सगळे उभे होते. "प्रभू उठला आहे!" पाळकसाहेब म्हणाले. "खरोखर उठला आहे!" लोक म्हणाले, आणि माझ्या बाजूला एक खोकला मधेच थांबून तेच म्हणाला. नंतर देवळात प्रभुभोजनाचं तबक आमच्या रांगेत आलं. एलीयाबाबांनी छोटा प्याला उचलला, माझ्याकडे बघितलं, मी उचलला तेव्हाच त्यांनी ओठाला लावला. पाळकीणबाई पुढच्या बाकावर होत्या. बाहेर आल्यावर मी त्यांचे दोन्ही हात धरले. त्यांनी मला जवळ घेतलं.

बाबांनी डॉक्टरला खोटं पाडून दोन पावसाळे काढले. गेले तेव्हा त्यांना आम्ही रीतीप्रमाणे ठेवलं, तोंड उगवतीला. मोठ्या पेटीला गरज नसते, तरी सुताराला खिळे मारायला लावले आणि ते मी स्वतः मोजले.

पण सांगायचं ते त्या जूनचं. रिबकाच्या शाळेचा पहिला दिवस. नवा झगा, तेल लावून दोन घट्ट वेण्या, पाठीवर पिशवी. हे आधीच गेले होते. "एकटी जाशील?" मी विचारलं. "हो," म्हणाली आणि उड्या मारत उतार उतरायला लागली. मी धावत खिडकीत गेले. हातात उलथनं होतं.

रिबका ओढ्यापाशी पोचली. मी हात वर केला. ती दगडावरून दगडावर पाय टाकत पलीकडे गेली आणि तशीच पुढे निघाली. वळून बघण्याची सवय तिला कुठून असणार? तिला कधी एकटीला सोडलंच नव्हतं. तिला पुढची शाळा दिसत होती, शाळेतली पोरं दिसत होती. बघता बघता आत दिसेनाशी झाली.

माझा हात वरच होता. मी तो खाली घेतला नाही. शाळेच्या मागे, कडुलिंबाखाली, एकजण माझ्याकडेच तोंड करून होती. मी तिला उलथनं हलवून दाखवलं.